सोन्याची खांदशेकणी

भातकुली, ७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. आकांक्षा हिला बाबांचा आशीर्वाद, नितेशरावांना नमस्कार.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याचा राग मानू नकोस. आधीचा राग आहेच, त्यात ही भर नको. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. आधी वाटलं तुझाच फोन येईल. तो आला नाही, मग भीती वाटायला लागली. मी फोन केला की नितेशराव "ती कामात आहे" म्हणतात. कामात असशीलच, ते काही खोटं बोलणार नाहीत. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि बरं बोलायला गेलो तरी भांडल्यासारखं होतं, म्हणून पत्र. अक्षर वाईट आहे. सहावी शिकलेल्या माणसाचं आहे, शिवाय उजव्या हाताचं बोट दारात सापडलं. काळजीचं काही नाही.

आचलच्या ओठाचे टाके निघाले का? व्रण राहील का? तिला गरम आणि तिखट देऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी लिहिलं.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू स्वयंपाकघरात होतीस, आणि नंतर दवाखान्याच्या धावपळीत माझं कोणी ऐकून घेतलं नाही. म्हणून माझ्या बाजूनं लिहितो. पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. आचलनं तान्ह्या पोळ्यासाठी आणलेला लाकडी बैल ओसरीत उभा करून ठेवला होता. ती मला म्हणाली, "आबा, खरा बैल कुठी आहे?" आता काय सांगणार? तुझी आई गेल्यावर शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं आणि जोडी विकली. पण जन्मभर या संध्याकाळी मी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांच्या कानात सांगितलं. हात नुसते बसत नाहीत गं. घरात जनावर म्हणायचं तर पिंजऱ्यातला सोन्या पोपटच. म्हटलं, चल माय, आपण याचेच खांदे शेकू. ती हसली. आतून तूही हसली होतीस, आठवून बघ.

तू म्हणतेस, पोपट अंग फुगवून, मान खाली घालून बसला होता, पोरगी हात ओढत होती, तरी मी तिचं मनगट धरून हात त्याच्या पाठीवर ठेवला. ठेवला. नाही म्हणत नाही. पण मारक्या जनावरापुढे एकदा हात मागे घेतला की ते कायमचं मारकं होतं. आपला पवळ्या विकत आणला तेव्हा कोणाला जवळ येऊ देत नव्हता. मी त्याला दाव्याला धरून, दाबून, थोपटून सरळ केला. पुढे तूच त्याच्या पाठीवर बसून हिंडायचीस. आचलचाही भेव तसाच मोडेल असं वाटलं. तिनं तोंड जवळ आणलं, हा माझ्या हातून निसटला आणि तिच्या ओठाला चावला, त्याला मी काय करू?

तू जाताना म्हणालीस, "बाबा, त्या घरात तो पक्षी आहे तोवर माही पोरगी येणार नाई." शेजारचा पुंजाराम म्हणतो, सोडून दे. पण हा आपल्याकडचा हिरवा पोपट नाही. पार्बताबाईच्या मुलानं नागपूरच्या दुकानातून आणलेला, हळदीसारखा पिवळा विदेशी पोपट. बाहेर सोडला की कावळे त्याला संध्याकाळपर्यंतही ठेवणार नाहीत. मुलानं पार्बताबाईला पुण्याला नेलं, तिथल्या फ्लॅटवाल्यांना याचं ओरडणं चालणार नव्हतं, म्हणून ती म्हातारी पिंजरा माझ्या ओसरीत ठेवून रडत गाडीत बसली. तिला मी शब्द दिला आहे.

मी त्याला दिवाळीपर्यंत सरळ करतो. मग तर आचलला आणशील? तिच्याशिवाय या घरात मला आबा म्हणणारं कोणी नाही. उत्तर पाठव.

तुझा बाबा


भातकुली, २१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. आकांक्षास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पिनकोडचा शेवटचा आकडा मी बरोबर टाकला का, याचीच शंका येत राहते. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणतो, "नत्थुजी, आलं असतं तर म्या काय घरी ठेवलं असतं?" म्हणून पुन्हा लिहितो.

सोन्याचं बिघडत गेलं. पोळ्याचं तूप त्याच्या पिसांतून निघेना. पिसं चिकटून बसली, तो थरथरत राहायचा आणि स्वतःच्याच अंगाला टोचायचा. मी रोज सकाळी दुपट्ट्यात धरून त्याला पुसायचो आणि तो गप होईपर्यंत दाबून धरायचो. रोज वाटायचं, आज गप लवकर झाला, म्हणजे सुधारतो आहे. आणि रोज पिंजऱ्याजवळ गेलो की आदल्या दिवसापेक्षा जास्त अंगावर यायचा. तानुबाई भाकरी टाकायला येते, ती आता तोंडापुढे सूप धरून ओसरी ओलांडते. परवा म्हणाली, "दादाजी, म्या भाकरी टाकाले येतो का लढाईले? कोन्त्या तरी एका कामाचं सांगा." पुंजाराम ओट्यावर बसून होता. तो म्हणाला, "वेसण टोचा त्याले, नत्थुजी. नाही तर जुवाले जुंपा. पाऊण एकर नांगरून देईन थो." सगळे हसले. मीही हसलो, पण हसण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी पिंजऱ्यावर पोतं टाकून अमरावतीला जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथे सगळे शेळ्या-गाई घेऊन बसलेले. माझ्याकडे बघून एक जण म्हणाला, "बावाजी, कोंबडी असन तर घरीच कापाची." मी पोतं आणखी खाली ओढलं.

डॉक्टर एक तरुण बाई होती. तिनं पोतं काढलं आणि विचारलं, "आजोबा, याच्या अंगाला काय लावलंय हे?"

"तूप आन् हळद. पोळा होता."

"पोळा बैलांचा असतो."

"बैल नाई राह्यले घरी," मी म्हटलं.

ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. कोमट पाण्यात साबणासारखं काही घालून तिनं त्याला हळूहळू धुतला. तुपानं पाखराची पिसं बसतात आणि मग त्याला साधी थंडीही सोसत नाही, म्हणाली. मग माझे हात पाहिले. बोट दारात सापडलं नव्हतं, ते तुला आधीच कळलं असेल. दोन्ही हातांना त्याच्या चाव्यांच्या जखमा होत्या. एक बोट सुजलं होतं, त्यासाठी तिनं मला माणसांच्या दवाखान्यात पिटाळलं. आता बरं आहे.

मी तिला सांगितलं, मी त्याला रोज धरतो, धरला की थोड्या वेळानं गप होतो, पण सोडला की पुन्हा तेच. ती म्हणाली, "तुम्ही दाबल्यावर तो गप होतो, ते तुमचं ऐकतो म्हणून नाही. आता मरणार, असं त्याला वाटतं. बैलाला माणूस धरतो तो कामासाठी, हे बैलाला कळतं. पाखराला जो धरतो तो त्याला खातो. त्याला एवढंच माहीत आहे."

मी जन्मभर जनावरांत राहिलो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, चावण्याआधी तो सांगत असतो. पिसं फुगवतो, मान खाली घालतो, डोळ्याची बाहुली बारीक-मोठी करतो. ते दिसलं की आपण मागे सरायचं. धरायचं नाही, पाठीवर हात फिरवायचा नाही. तो जेवढ्या अंतरावर शांत राहील तेवढ्या अंतरावर बसायचं, खायला ठेवायचं आणि निघून जायचं. मी विचारलं, "पण असं भेऊन मांगं सरलो तर तो माजन ना?" ती म्हणाली, "करून बघा."

दिवाळीला येण्याचं काय ठरलं ते कळव. मी करतो आहे.

तुझा बाबा


भातकुली, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. आकांक्षास आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुम्ही आला नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुझा फोन आला, तो माझ्यासाठी पुष्कळ होता. "टाके कवाचेच निघाले, बाबा. बारीक व्रण आहे. मोठी होईल तसा जाईल म्हणतात." एवढंच बोललीस. मी पुढे काही विचारणार होतो, पण तू ठेवलास. मागे आचलचा आवाज येत होता असं वाटलं. कदाचित शेजारचं पोरगं असेल.

आता सोन्याचं सांगतो, कारण त्यावरच तुमचं येणं अडलं आहे.

पहिले दिवस मी ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला खाट टाकून बसलो. तिथेही तो फुगायचा, म्हणून अंगणात सरकलो. माझ्याच घरात मी एका पाखराला भिऊन अंगणात बसलो, याची लाज वाटली. पुंजाराम येऊन म्हणाला, "मालक कोन हाये घराचा, तुमी का थो?" मी म्हटलं, "सध्या थो." तेव्हापासून तो जरा कमी चिडवतो.

मग रोज थोडं थोडं. वाटीत भिजवलेले हरभरे ठेवायचे आणि मागे फिरायचं. पहिल्यांदा मागे फिरताना पाठीत चमक यायची, आता झेप घालतो की काय म्हणून. झेप घातली नाही. काही दिवसांनी मी जवळ असताना खायला लागला. मग डॉक्टरबाईनं सांगितल्याप्रमाणे एक काडी पुढे धरली आणि हललो नाही. किती तरी वेळा तो नुसता पाहून तोंड फिरवायचा. एका सकाळी काडीवर पाय ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी श्वासही घेतला नाही. त्याच्या पायाचं वजन काडीवरून हाताला कळलं. एवढंसं वजन, पण मला पवळ्याची आठवण आली नाही. दुसरंच काही वाटलं. काय, ते लिहिता येत नाही.

तानुबाईनं सूप बाजूला ठेवलं आहे. तिच्या हातून तो तुरीचा दाणा घेतो. ती म्हणते, "तुमच्यापेक्षा माह्यावर जीव हाये त्याचा." असू दे.

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहितो. दिवाळीच्या तोंडावर तो मला एकदा चावला. चूक माझी होती. तुम्ही याल तेव्हा तो हातावर बसलेला दिसावा, म्हणून मी घाई केली. तो फुगला होता, ते मला दिसलं होतं. तरी काडी पुढे ढकलली. त्यानंतर बरेच दिवस तो पुन्हा लांब राहिला. आता पुन्हा जवळ येतो.

एक गोष्ट मनाला लागून आहे. ही जात वीस-पंचवीस वर्षं जगते म्हणतात. माझं काय, आज आहे उद्या नाही. माझ्यामागे याला कोण बघणार? तानुबाई हो म्हणते, पण तिचंही वय आहे. रात्री हेच मनात येतं. तुला यासाठी विचारत नाही, नुसतं लिहितो.

आता तो सुधारला आहे. मी शब्द पाळला. आता आचलला आणायला हरकत नाही ना? नितेशरावांना विचार. का मीच अकोल्याला येऊन त्यांना सांगू? तोंडावर सांगितलं तर पटेल. तुझं उत्तर आलं नाही तर मी येतोच.

तुझा बाबा


भातकुली, ४ जानेवारी २०२६

चि. सौ. आकांक्षास आशीर्वाद.

अकोल्याहून आल्यापासून लिहायला बसतो आणि उठतो. न कळवता आलो, ते चुकलं. दार उघडलंस तेव्हा तुझ्या तोंडावरूनच मला ते दिसलं. तरी पाणी दिलंस, बसा म्हणालीस. मग तू चहा ठेवायला आत गेलीस. त्यानंतर बाहेरच्या खोलीत काय झालं ते तुला माहीत नाही. नितेशरावांनी सांगितलं असेल तर ठीक, नसेल तर त्यांच्यावर रागावू नकोस. ते माझ्याशी वाईट वागले नाहीत.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत आचल मोबाईलवर काही पाहत होती आणि त्यातून पोपटाचा आवाज येत होता. मला एवढा आनंद झाला. मी नितेशरावांना म्हटलं, "पोट्टी पोपट पाहून राहिली काय?"

"रोजच पाहते," ते म्हणाले. "शाळेत चित्र काढलं, तेही पोपटाचंच. पिवळ्या रंगाची पेन्सिल पुरी संपवली."

"मंग भेव गेला म्हणा तिचा. आता हरकत नाई."

ते मग म्हणाले, "बाबा, तिले पोपटाचा भेव नव्हताच."

मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून बोलत आहेत. मी विचारलं, "मंग?" 

तेवढ्यात दार थोडं उघडलं आणि आचलनं बाहेर पाहिलं. वाढली आहे. ओठाचा व्रण मला लांबून दिसला नाही, का मीच पाहिला नाही, माहीत नाही. मी सवयीनं हात पुढे केला, "ये माय" म्हटलं. तिनं एका हातानं आपलं दुसरं मनगट धरलं, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि पायानं दार लोटलं. मग आतून आवाज आला, "पप्पा, आबा गेले का?"

मी तिथेच बसलो होतो.

नितेशराव म्हणाले, "हाव, जाऊन राहिले." मला ते बोलणं लागलं नाही. दुसरं काय बोलणार होते ते. तू चहा घेऊन आलीस तेव्हा मी पायात चपला घालत होतो आणि गाडीची वेळ झाली म्हणालो. गाडीला पुष्कळ वेळ होता. चहा न घेता गेलो म्हणून तुला वाईट वाटलं असेल. मी स्टेशनवर बसून राहिलो.

माय, तू पोळ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मला एकच वाक्य दोनदा म्हणाली होतीस, "बाबा, ती हात ओढत होती." मी समजलो, तू पोपटाचं सांगते आहेस. उरलेला पावसाळा आणि दिवाळी मी त्या पाखराला सुधारत बसलो. तो सुधारला की पोरगी येईल, असं धरून चाललो. तिला भीती माझ्या हाताची होती, आणि मी तुला पत्रातून विचारत होतो की आता तो जवळ येतो, आणशील का.

तिनं मनगट धरलं तेव्हा मला कळलं. त्याआधी कोणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

तेव्हा मागच्या पत्रात लिहिलं होतं ते मी परत घेतो. सोन्या सुधारला म्हणून घरी या, असं मी आता म्हणत नाही. तो ओसरीत आहे, तिथेच राहील. तुम्ही भातकुलीला येऊ नका, आचलला वाटेपर्यंत येऊ नका. वाटलंच नाही तर नाही.

मी दुसरं विचारतो. मूर्तिजापूर तुम्हालाही जवळ आणि मलाही. तिथे स्टेशनवर एखाद्या रविवारी दुपारी तुम्ही तिघं या. मी बडनेऱ्याहून गाडीनं येईन. तुम्ही एका बाकावर बसा, मी दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसेन. सध्या तुरीच्या शेंगा आल्या आहेत. आचलला मिठात उकडलेल्या शेंगा आवडतात. मी पिशवी मधल्या बाकावर ठेवीन आणि माझ्या जागी परत जाईन. तिनं घ्याव्या, न घ्याव्या. तिला माझ्याकडे पाठवू नकोस. "जा, आबाले नमस्कार कर" असं म्हणू नकोस, नितेशरावांनाही म्हणू देऊ नकोस. मी हाक मारणार नाही आणि हात पुढे करणार नाही. तिला नुसतं लांबून मला पाहू दे. तिनं मनगट धरलं तर मी आणखी लांब जाऊन बसेन. गाडी आली की तुम्ही तुमच्या वाटेनं जा, मी माझ्या.

पहिल्याच वेळी काही होईल अशी माझी आशा नाही. दुसऱ्यांदा या, तिसऱ्यांदा या. थंडी संपेपर्यंत शेंगा असतात, मग बोरं असतात. मला घाई नाही, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मला घाई आहे, वय झालं आहे. पण ती माझी घाई आहे, तिची नाही, हे आता ध्यानात ठेवीन.

हे सगळं तू आणि नितेशरावांनी ठरवून मला कळवू नका. आधी तिला विचारा. समोर बसवून नाही, खेळताना सहज विचारा. हो म्हणाली तर कोणता रविवार ते लिही. नाही म्हणाली तर तेही तिच्याच शब्दांत लिही, माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस. मी वाचीन आणि पुन्हा विचारण्याआधी थांबेन. पण काहीच कळत नाही, हे सोसवत नाही गं. पोस्टमनला रोज विचारायचीही आता लाज वाटते. दोन ओळी का होईना, लवकर पाठव.

तुझा बाबा